पंख्याखालची शेळी

मित्रांनो, मी एक म्हातारी उस्मानाबादी शेळी आहे. अंगानं काळी, कानांवर पांढरे ठिपके, म्हणून माझं नाव ठिपकी. माझ्या डाव्या कानाला एक भोक आहे. तिथे अडीच वर्षं पिवळा बिल्ला होता. त्या काळात मला कुणी ठिपकी म्हणत नव्हतं, सात नंबर म्हणत होतं. त्या सात नंबरच्या तब्येतीचा दाखला देऊन एका अख्ख्या गावाला खोटं पाडलं गेलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून आज सांगायला बसले आहे.

माझा जन्म भूम तालुक्यातला. गावाचं नाव सांगत नाही, कारण नावापायी त्या गावाचं पुष्कळ नुकसान झालं आहे. आसपासचे लोक त्याला ‘किडनीवालं गाव’ म्हणतात आणि तिथल्या पोरापोरींच्या सोयरिकी जुळता जुळता मोडतात. आमचे धनी बब्रुवानदादा आणि त्यांची बायको धुरपदाबाई. चाळीसेक शेरडं हीच त्यांची शेती आणि हीच नोकरी. माझ्या आईला जुळं झालं. आमच्या जातीत त्याचं नवल नाही. एक मी आणि दुसरी काजळी. तिच्या अंगावर औषधालाही पांढरा केस नव्हता. आम्ही एका वेतातल्या, एका कासेवर वाढलेल्या, आणि झोपायचोही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून.

बब्रुवानदादा आम्हाला घेऊन सकाळी माळावर जात ते दिवस मावळताना परतत. चैत्र-वैशाखात माळ तव्यासारखा तापायचा. सोबतची बाटली दुपारच्या आत रिकामी व्हायची. घरी आल्यावर ते बोअरचं पाणी पोटभर पीत. ते पाणी इतकं जड की हंड्याच्या आतून पांढरा थर धरायचा. मग पाय ठणकायला लागले की किराणा दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी. कधी एक, कधी दोन. गावातले सगळेच कष्टकरी असंच करत.

एका वर्षी बब्रुवानदादांचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या आहेत. चार वर्षांत गावातले ते अकरावे रोगी होते. कुणी म्हणे पाणी वाईट, कुणी म्हणे ऊन बाधलं, कुणी गोळ्यांना दोष देई. धुरपदाबाई मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होत्या, “एकट्यानं कुणी न्हाय केलं हे. समद्यांनी मिळून केलंय.”

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे ते खरं करायला शेळ्यांचे जीव गेले.

गावानं पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. वरून उत्तर आलं, रोग पाण्यामुळेच होतो हे आधी सिद्ध करा. तेव्हा येडशीकडच्या एका संशोधन केंद्रातून मंजुषाताई आल्या. जनावरांच्या डॉक्टर, वयानं लहान, बोलायला मऊ. त्या अंगणात बसून म्हणाल्या, “मावशी, माणसांवर असले प्रयोग करता येत नाहीत. शेळीची किडनी काम तेच करते. तुमच्याच गावच्या शेळ्या मिळाल्या तर बरं होईल.”

धुरपदाबाईंनी आम्हा दोघींच्या गळ्यातली दावी सोडून त्यांच्या हातात दिली. “माझी लेकरं हाईत,” त्या म्हणाल्या. “नीट बघा त्यान्ला.”

केंद्रात आम्ही बारा जणी होतो. सिमेंटचा स्वच्छ गोठा, छताला पंखे, वेळच्या वेळी हिरवा घास, दर सोमवारी वजन. सहा जणींना गावच्या बोअरचं पाणी, सहा जणींना शुद्ध पाणी. मी बोअरच्या पाण्यावर, काजळी शुद्ध पाण्यावर. आठ महिने असे गेले. खरं सांगते, मी सुखात होते. माझं अंग तेलासारखं चमकायला लागलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, कशातच काही निघालं नाही.

मंजुषाताईंच्या वरचे साहेब म्हणजे डॉक्टर वीरभद्र. कामाला चोख, वेळेला पक्के. त्यांनी अहवालात लिहिलं, ‘बोअरच्या पाण्यामुळे शेळ्यांच्या मूत्रपिंडांवर परिणाम आढळला नाही.’ वाक्य खरं होतं. पण ते वाक्य तालुक्याला पोहोचेपर्यंत ‘पाणी निर्दोष आहे’ असं झालं. आणि गावच्या ग्रामसभेत पोहोचलं तेव्हा ‘तुम्ही उगाच बोंब मारता’ असं झालं. यंत्राचा अर्ज निकाली निघाला. माझ्या चमकत्या अंगाचा फोटो त्या अहवालाच्या पहिल्या पानावर होता.

पंधरा दिवसांनी धुरपदाबाई एसटीनं केंद्रावर आल्या. वीरभद्र साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. थेट गोठ्यात आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिल्या.

“साहेब, ह्या उन्हात जात्यात का?” त्यांनी विचारलं.

“नाही मावशी. सगळ्यांना सारखं वातावरण ठेवावं लागतं.”

“गोळ्या खात्यात?”

“नाही. हे बघा, शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.”

“मग आमच्या मालकाला ह्या गोठ्यात बांधा,” धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या. “पंखा हाय, हिरवा घास हाय, काम न्हाय. बोअरचंच पाणी पाजा. त्येबी बरे हुतील. मग लिवा कागदावर, गावात रोगच न्हाय म्हणून.”

 धुरपदाबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत, परतीची गाडी होती. मंजुषाताई मात्र त्या दिवशी जेवायला उठल्या नाहीत. संध्याकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, आपण नियमानं गेलो, पण प्रश्नच अर्धा विचारला. ज्या रोगाला तीन-चार कारणं मिळून लागतात, त्यातलं एकच कारण पंख्याखाली आणून ठेवलं तर ते निरुपद्रवी दिसणारच.”

“मग काय करायचं म्हणतेस? शेळ्यांना उन्हात तळायचं?”

“मला आधी गावात जाऊ द्या.”

त्या गेल्या. दहा दिवस धुरपदाबाईंच्या मागे माळावर हिंडल्या. आता शेरडं त्याच राखत होत्या, कारण बब्रुवानदादांना उंबरा ओलांडायचं बळ राहिलं नव्हतं. हप्त्यातून दोनदा त्यांना धाराशिवला डायलिसिसच्या मशीनवर नेत होते. मंजुषाताईंनी दुपारचं ऊन मोजलं, माणूस दिवसात किती पाणी पितो ते मोजलं, घरोघरी गोळ्यांची रिकामी पाकिटं गोळा केली. हे सगळं आमच्या कानात बिल्ले टोचण्याआधी व्हायला हवं होतं की नाही, तुम्हीच सांगा.

नव्या प्रयोगाची परवानगी यायला वर्ष लागलं. त्या वर्षात गावातले तीन जण गेले.

मग आणखी बारा शेळ्या आल्या आणि चार गोठे केले. एकात नुसतं ऊन आणि कमी पाणी. दुसऱ्यात नुसतं बोअरचं पाणी. तिसऱ्यात नुसत्या गोळ्या. चौथ्यात हे सगळं एकत्र, माणसांना मिळतं तसं. कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्यांवर ठरलं. माझी चिठ्ठी दुसऱ्या गोठ्याची निघाली. काजळीची चौथ्या.

हे दोन गोठे पाठीला पाठ लावून होते, मधे एकच भिंत होती. पहिले पंधरा दिवस ती मला हाक मारायची आणि मी ओ द्यायची. पुढे तिचं खाणं कमी झालं. महिन्याभरात तिचा आवाज घोगरा झाला. सातव्या आठवड्यात ती उठेना. दुपारच्या उन्हात तिथलं पाणी मोजून द्यायचे आणि मी इकडे भरल्या टाकीशी उभी असायची. मंजुषाताई रोज दुपारी भिंतीपाशी येऊन उभ्या राहत. त्यांच्या हातात वही असायची. एकदा गोठा झाडणाऱ्या गिरिजाबाईंनी विचारलं, “ताई, बादलीभर पाणी पाजू का तिला? कुणाला कळणार न्हाय.”

“पाजलं तर धुरपदामावशी पुन्हा खोट्या ठरतील,” मंजुषाताई म्हणाल्या आणि पाठ फिरवून तिथेच उभ्या राहिल्या.

जनावराचे हाल एका हद्दीपलीकडे जाऊ द्यायचे नाहीत, अशी परवानगीत अट होती. दहाव्या आठवड्यात काजळीनं ती हद्द गाठली. मंजुषाताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटची सुई दिली. दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून ओरडत राहिले. पलीकडून ओ आली नाही.

पहिल्या तीन गोठ्यांत किरकोळ बिघाड निघाले. चौथ्यातल्या सहांपैकी पाच जणींच्या किडन्या खराब झाल्या होत्या. आम्ही जुळ्या बहिणी. एक रक्त, एक दूध. पहिल्या खेपेस मी आठ महिने तेच पाणी प्याले, याही खेपेला प्याले, आणि धडधाकट राहिले. तिनं त्याच पाण्यासोबत ऊन आणि गोळ्या सोसल्या आणि ती दहा आठवड्यांत संपली. एकट्यानं कुणी केलं नव्हतं. समद्यांनी मिळून केलं होतं.

वीरभद्र साहेबांनी कागद दोनदा वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझं बरोबर होतं,” ते मंजुषाताईंना म्हणाले आणि नव्या अहवालावर सही केली.

त्यानंतर काही गोष्टी घडल्या, त्या खोट्या म्हणणार नाही. गावात शुद्ध पाण्याचं यंत्र बसलं. दुकानदारानं चिठ्ठीशिवाय गोळी देणं बंद केलं. रोजगाराची कामं उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू होऊन उन्हाच्या आत संपू लागली. गेल्या दोन वर्षांत गावात एकच नवा रोगी निघाला आहे. प्रयोगातल्या शेळ्या लिलावात काढायचं ठरत होतं. मंजुषाताईंनी भांडून आम्हाला गावी परत पाठवलं.

मी अंगणात आले तेव्हा बब्रुवानदादा बाजेवर बसले होते. ते माझ्यामागे बघत राहिले. “काजळी कुठं हाय गं?” त्यांनी बायकोला विचारलं. धुरपदाबाईंनी सांगितलं. दादांनी मला जवळ ओढून माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “माझ्या रोगापायी गेली म्हणायची.”

नाही दादा. मला बोलता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. काजळी तुमच्या रोगापायी गेली नाही. काजळीनं जे मरून सांगितलं, ते तुमच्या धुरपदाबाई अंगणात उभ्या राहून आधीच सांगत होत्या. बाई बोलली तेव्हा ती तक्रार होती. शेळी मेली तेव्हा तो पुरावा झाला. मला चीड येते ती याची.

आणि एवढ्यावर हे संपलेलं नाही, मित्रांनो. तो पहिला अहवाल अजून कुणी मागे घेतलेला नाही. मंजुषाताईंनी विनवलं तेव्हा वीरभद्र साहेब म्हणाले, “त्यात चुकीचं काय आहे? एकेक वाक्य खरं आहे.” यंदाच्या उन्हाळ्यात नळदुर्गच्या बाजूच्या एका गावानं असाच पाण्यासाठी अर्ज केला. त्यांना त्याच अहवालाची प्रत जोडून नकार आला. वरती माझाच फोटो. मंजुषाताई आता पत्रांवर पत्रं लिहीत आहेत की निदान त्या पानाखाली ‘या शेळ्या पंख्याखाली होत्या’ एवढी एक ओळ तरी छापा. अजून छापलेली नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या मोठे होऊन डॉक्टर व्हाल, संशोधक व्हाल. आमच्यावर प्रयोग करूच नका, असं मी म्हणत नाही. काजळीच्या जिवानं गावातली काही माणसं वाचली, हे मला कळतं. पण आम्हाला गोठ्यात बांधण्याआधी आजारी माणसाच्या दारात बसा. तो काय खातो, काय पितो, कुठे राबतो ते बघा, आणि त्याच्या घरची बाई काय म्हणते ते लिहून घ्या. प्रश्न अख्खा असेल तरच आमचा जीव मागा.

आणि तुम्ही डॉक्टर झाला नाहीत तरी एक करा. गुबगुबीत, चमकदार शेळीचा फोटो दाखवून कुणी तुम्हाला म्हणालं, “हिला काही झालं नाही, म्हणजे तुम्हालाही काही होत नाही,” तर मान हलवून घरी जाऊ नका. त्या शेळीला ऊन लागलं होतं का, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.