इंजिन गार होईपर्यंत

आमची जुनी गाडी जानेवारीत जंगलातल्या रस्त्यावर बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला आणि त्याबरोबर इंजिनही आतून मोडलं. बाहेर उणे एकतीस अंश होतं, फोनला रेंज नव्हती. कुत्र्याला कोटाच्या आत घेऊन मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ओंडके वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला उचललं. मला साधी सर्दीही झाली नाही. पण माझा नवरा स्तेलान त्या दिवसापासून संध्याकाळी लॅपटॉप उघडून पीतेओ शहरातले फ्लॅट बघायला लागला.

"मार्चपर्यंत भरवशाची गाडी मिळाली तर ठीक," तो म्हणाला. "नाहीतर हे घर विकू. तू पुन्हा त्या रस्त्यावर अडकलीस तर मी इथे बसून काय करायचं?"

आमचं घर तळ्याकाठी आहे. सकाळी दार उघडलं की कोणी दिसत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. ती शहरात आहे, आणि रस्ताभर ओंडक्यांचे ट्रक असतात. ट्रकच्या मागे बर्फाचा धुरळा उठतो, पुढचं काही दिसत नाही. ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जितका कमी वेळ राहू तितकं बरं. म्हणून आमची गाडी टर्बोची होती, चारही चाकांना जोर असलेली आणि मागे नमुन्यांची खोकी, स्की आणि कुत्रा मावेल एवढी लांब. स्तेलानच्या बहिणीने तिची छोटी गाडी वापरायला दिली होती. ती घेऊन मी रोज कुठल्या ना कुठल्या ट्रकच्या मागे रांगत जात होते.

फेब्रुवारीत जाहिरात दिसली. आमच्या जुन्या गाडीचंच मॉडेल, पण बरंच नवं. एकच मालक. किंमत इतकी कमी, की मी ती दोनदा वाचली.

"इतक्या स्वस्तात चांगली गाडी कोणी देत नाही," माझा थोरला भाऊ तागे म्हणाला. तागेचा जगात कशावरच विश्वास नाही, हवामानखात्यावर तर मुळीच नाही. "एक तर ती पाण्यात बुडालेली असेल, नाहीतर रेनडियरच्या कळपात घातलेली. मी येतो बरोबर. तुला कोणीही गंडवेल."

मी आदल्या दिवशी मालकाला फोन केला. त्याचं नाव हिल्डिंग, आवाजावरून सत्तरीचा. मी म्हटलं, "एकच विनंती आहे. रात्री हीटरची वायर लावू नकोस. मला गार इंजिन चालू करून बघायचंय."

"अर्थात," तो म्हणाला. "मीही तेच मागितलं असतं."

आमच्याकडे हिवाळ्यात प्रत्येक अंगणात विजेचा एक खांब असतो आणि प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक प्लग बाहेर आलेला असतो. थंडी वाढली की झोपण्याआधी माणूस दात घासतो आणि गाडीला वायर लावतो. सकाळी इंजिन कोमट मिळतं. कोमट इंजिन गोड बोलतं. खडखड असो, धूर असो, जे काही दुखणं असेल ते गारठ्यातच ऐकू येतं. त्यामुळे विकणाऱ्याने गाडी गार ठेवायची, हे इथे न सांगताही सगळ्यांना माहीत असतं.

रविवारी सकाळी आम्ही हिल्डिंगच्या गावी, ग्रानसेलेला पोचलो. उणे चोवीस होतं. गाडी अंगणात उभी होती, गडद निळी. तिच्या छतावर, काचांवर, दारांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता. बॉनेटच्या मधोमध मात्र ताटाएवढी जागा कोरडी होती. वायर खांबाला नीट गुंडाळून ठेवलेली होती.

मी हातमोजा काढून तळहात तिथे टेकवला.

"कोमट आहे," मी म्हटलं.

"बघ!" तागे जवळजवळ खूश झाला. "म्हटलं नव्हतं? वर वायर गुंडाळून ठेवलीय, जशी काही आपण आंधळी."

हिल्डिंग घरातून बाहेर आला. उंच, थोडा वाकलेला, माणसाकडे बघताना मान किंचित तिरकी करणारा. त्याने हात पुढे केला, पण तागेने तो घेतला नाही.

"आजोबा, इंजिन गरम आहे की."

"शक्य नाही," हिल्डिंग म्हणाला. त्याने स्वतः हात लावून पाहिला. मग खांबावरच्या वायरकडे पाहिलं. "मी लावली नव्हती," तो शेवटी म्हणाला.

"मग काय कोल्ह्याने लावली?"

"तागे, पुरे," मी म्हटलं. खरं तर मलाही तेच विचारायचं होतं.

हिल्डिंगने बॉनेट उघडून वर टेकवलं. "असं उघडं ठेवलं तर दुपारपर्यंत गार होईल. थांबायचं असेल तर थांबा. घरात कॉफी आहे. नसेल थांबायचं तर मी समजू शकतो."

मला निघून जायला हवं होतं. पण मार्च जवळ होता.

"आम्ही थांबतो," मी म्हटलं.

तागेने घरात यायला नकार दिला. "मी इथेच बसतो, आपल्या गाडीत. बघू पुन्हा कोण वायर लावतं ते." हिल्डिंग फावडं घेऊन अंगणातला बर्फ काढायला लागला. तागे काचेतून त्याच्यावर पाळत ठेवत राहिला.

स्वयंपाकघरात हिल्डिंगची बायको अल्वा होती. ठेंगणी, चपळ बाई. तिने इकडच्या रीतीप्रमाणे कॉफीच्या कपात चीजचे तुकडे टाकले, वर कॉफी ओतली आणि कप माझ्यासमोर ठेवला.

"एकटीच चालवतेस एवढ्या लांब?"

"हो."

"ही पेट्रोल फार पिते हं. तुझा अर्धा पगार तिलाच जाईल."

"आमची जुनीही पीत होती."

"आणि मागे कुत्र्याचा वास येतो. आमचा कुत्रा मेला, वास राहिला. किती धुतलं तरी जात नाही."

"माझ्याकडेही कुत्रा आहे."

ती जरा थांबली. "डाव्या बाजूचं मागचं दार कुरकुरतं."

मी कप खाली ठेवला. स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा विकणारा मी पाहिला नव्हता. मला वाटलं, ही जुनी युक्ती असेल. बारीकसारीक दोष आपणहून सांगायचे, म्हणजे माणूस मोठा शोधत नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहू लागले. ती खिडकीकडे पाहत होती, हिल्डिंगच्या पाठीकडे.

"वायर रात्रभर लावलेली असेल तर दुपारपर्यंत काही गार होत नाही," मी सहज म्हटलं.

"रात्रभर नाही," ती म्हणाली. "पहाटेच लावली."

मग तिने ओठ मिटले. शेगडीतलं लाकूड तडतडलं. मी वाट पाहिली. थोडा वेळ गप्प राहिलं की बहुतेक माणसं पुढचं आपणच सांगतात.

"तो झोपेत होता," अल्वा म्हणाली. "मी लावली, तो उठायच्या आत काढून ठेवली. तू हात लावून बघशील हे मला माहीत होतं. सगळे बघतात."

"आपल्याच नवऱ्याला लबाड ठरवायला?"

"तू रागावून निघून जावीस म्हणून." ती माझ्यासमोर बसली. "शरद ऋतूत डॉक्टरने त्याचं लायसन्स काढून घेतलं. डोळ्यात मधोमध डाग आहे. आठवडाभर तो कोणाशी बोलला नाही. मग मीच म्हटलं, चल, शहरात जाऊ. मला तरी कुठे आवडतं हे लाकडं फोडणं? त्याचा चेहरा जरा खुलला, म्हणून मी म्हणतच राहिले. दुकानं जवळ, मुलगी जवळ. आता मुलीने फ्लॅट बघून ठेवलाय. गाडी विकली की आम्ही निघालो."

"आणि तुला जायचं नाही."

"मला इथून कुठेही जायचं नाही."

"तुला चालवता येत नाही?"

"लायसन्स आहे. पण तो शेजारी बसला की पायाने हवेत ब्रेक दाबतो. तसं कोण चालवणार?"

"मग त्याला खरं सांग."

"काय सांगू? तुझं मन राखायला मी खोटं बोलत होते?" तिने आवाज खाली आणला. "त्यापेक्षा तू म्हण की त्याने फसवलं, आणि जा. तो फार मानी आहे. वर्षभर कोणाला गाडी दाखवणार नाही."

मला तिची दया आली, आणि लगेच शंकाही आली. हीसुद्धा विकायचीच रीत असेल तर? रडवेली बाई, आंधळा होत चाललेला नवरा, आणि गाडीत खरोखर काही दोष आहे का हे विचारायचं राहूनच जातं. मी म्हटलं, "इंजिन गार होऊ दे. मग बघू."

दुपार कलली तेव्हा मी इंजिनाच्या धातूवर हात ठेवला. बोटं चिकटतील इतका तो गार झाला होता. हिल्डिंगने किल्ली माझ्या हातात दिली. "तूच लाव."

तागेने बॉनेटखाली जवळजवळ डोकंच घातलं. मी किल्ली फिरवली. इंजिन एकदा रेंगाळलं, मग पेटलं. क्षणभर वरून बारीक टिकटिक आली, तेल वर पोचेपर्यंत, मग ती थांबली आणि एकसारखा खोल आवाज उरला. धूर पांढरा होता, थंडीत असतो तसा. तागे डोकं बाहेर काढेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो नाराजीने म्हणाला. "काहीच नाही."

आम्ही दोघं तिला हायवेपर्यंत घेऊन गेलो. आधी सावकाश, तेल गरम होईपर्यंत. मग पुढे एक ट्रक लागला, मागे पांढरा धुरळा उडवत जाणारा. वळण संपलं, पलीकडचा रस्ता लांबवर मोकळा दिसला आणि मी पाय दाबला. पाठ सीटला टेकली, ट्रक बाजूने मागे गेला आणि पुढे स्वच्छ रस्ता होता. तागेने दाराची मूठ घट्ट धरली होती.

"घे," तो थोड्या वेळाने म्हणाला. "पण मला त्याने वायर का लावली ते कळायला हवं."

परत आलो तेव्हा हिल्डिंग आणि अल्वा अंगणात उभी होती; मी किल्ली हिल्डिंगला परत दिली. हिल्डिंगने मान तिरकी करून मला विचारलं, "आता बसला विश्वास?"

"गाडीवर बसला," तागेने मध्येच तोंड घातलं. "वायरचं काय?"

"मी लावली," अल्वा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "पहाटे उठले, थंडी पाहिली, लावली. सवयीने."

हिल्डिंग तिच्याकडे पाहत राहिला आणि मग मोठ्याने हसला. सकाळपासून अंगावर घेतलेलं ओझं त्या हसण्याबरोबर खाली पडल्यासारखं वाटलं. "सवयीने! अगं, आणि मी सकाळपासून विचार करतोय की मला आता आठवतही नाही की काय!"

तागेही हसला. त्याच्या बायकोनेही असंच केलं असतं, असं म्हणाला. त्याने आपणहून हिल्डिंगशी हात मिळवला.

मी पिशवी आणायला आत गेले. अल्वा मागोमाग आली.

"त्याला सांग," मी हळू आवाजात म्हटलं. "त्याला वाटलं होतं की आपली बुद्धीही चालली."

"मग तू सांग ना," ती म्हणाली. तिचा आवाज कडवट नव्हता, थकलेला होता. "सांगितलंस तर गाडी हातची जाईल. म्हणूनच गप्प आहेस. मी दोष देत नाही. मीही तेच करतेय."

तिचं म्हणणं चूक असतं तर मला राग आला असता.

मी बाहेर आले. हिल्डिंग पुढे केलेल्या हातात दोन्ही किल्ल्या घेऊन उभा होता. मला तळ्याकाठचं घर दिसत होतं, आणि लॅपटॉपच्या उजेडात स्तेलानचा चेहरा.

"हिल्डिंग," मी म्हटलं, "वायर सवयीने लावली नव्हती. अल्वाला शहरात जायचं नाहीये."

दारात अल्वा उभी राहिली होती, हात एप्रनमध्ये गुंडाळून. हिल्डिंग तिच्याकडे वळला. तो तिचा चेहरा शोधत होता, बाजूने, जिथून त्याला अजून दिसतं तिथून.

"खरं?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. मग त्याला ते दिसलं नसेल असं वाटून म्हणाली, "खरं."

त्याने किल्ल्या कोटाच्या खिशात टाकल्या. "आज नको," तो मला म्हणाला. "आम्हाला घरात बोलायचंय."

परतीच्या वाटेवर आम्ही स्तेलानच्या बहिणीच्या गाडीत, एका ट्रकच्या मागे, धुरळ्यात रांगत होतो. "हातात आलेली गाडी," तागे म्हणाला. "हातात! तुला कोण विचारत होतं? तू काय त्यांची मुलगी आहेस?" मी वायपर जोरात केले. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "आणि मला तर वाटतं दोघंही नाटक करत होती."

स्तेलानला मी एवढंच सांगितलं की गाडी चांगली होती, मिळाली नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने एक फ्लॅट बघायला जायची वेळ ठरवली.

त्याच आठवड्यात अल्वाचा फोन आला. मी जेवणाच्या टेबलाशी होते, तागेही आलेला होता.

"गाडी घेऊन जा," ती म्हणाली. "आम्ही इथेच राहतोय. निदान पुढचा हिवाळा. तो चार दिवस माझ्यावर रागावला होता, आता मला शिकवतोय. ही मला झेपत नाही, फार उडी मारते. मी लहानशी घेणार आहे."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"फक्त किंमत वाढवली आहे," ती म्हणाली. "हिल्डिंगने फारच स्वस्तात काढली होती, लवकर संपावं म्हणून. आता लहान गाडीचे पैसे यातूनच यायला हवेत." तिने आकडा सांगितला.

"हे जरा जास्त होतंय, अल्वा."

"हो," ती शांतपणे म्हणाली. "जास्तच आहे."

तागेने आकडा ऐकला होता. "लबाड!" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "दोघंही! मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं!"

स्तेलान समोर बसला होता. लॅपटॉपवर रिकाम्या स्वयंपाकघराचा फोटो उघडा होता, आणि आपण ऐकत नाही असं तो दाखवत होता. त्याने फोटो बदलला नाही, पण वाचायचा चष्मा काढून हातात धरला होता.

"घेते," मी फोनमध्ये म्हटलं.

"शनिवारी या," अल्वा म्हणाली. "आणि त्या भावाला घरी ठेवून ये."