चकतीवरचं तेल

आता याला काय म्हणावं? अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावलं, तर त्याने पाटावर बसून ओवाळून घ्यावं, की सासूच्या अंगणात मातीत बसून मोटारीचं चाक उघडावं? सुभद्राबाईंनी ओसरीवरून पुन्हा हाक मारली.

“जवाईबापू, पुरण थंडं होऊन राहिलं! उठा आता.”

“हो आई, आलोच,” गजेंद्र म्हणाला आणि हातोडी पुन्हा सुरू.

हेच ते. हा माणूस कशालाच नाही म्हणत नसे. पानात आणखी पोळी पडली तरी हो, कुणी तासभर डोकं खाल्लं तरी हो. असा मऊ गडी आपल्या लेकीच्या, रागिणीच्या पाठीशी उभा कसा राहणार? त्यात ती पाच महिन्यांची पोटुशी. अमरावतीहून येताना ब्रेक करकरत होता म्हणून गजेंद्रने अकोल्यात ब्रेकची नवी चकती घेतली होती, पण इथला, तेल्हाऱ्याचा मिस्त्री नेमका लग्नाला गेलेला. सुभद्राबाईंनी बजावलं होतं, “बिरेक नीट झाला तं पोरगी जाईन. नाही तं नाही.”

भिंतीवरून शेजारच्या गंगूबाईंचं डोकं वर आलं. “काहो, जेवाले जवाई बोलावला का मिस्त्री?”

“तुमचा जवाई तं सायकलची चैन बसवाले माणूस बोलावते! जा, तुमचं दूध उतू जाऊन राहिलं असन.”

डोकं खाली गेलं. पण चाकातली जुनी चकती काही हलेना. ती गंजून मागच्या लोखंडाला अशी चिकटली होती, जणू एकाच ओतकामातून निघाली.

“हाना ना जोरात!”

“जोरात हाणलं तर आतलं बेअरिंग जाईल, आई.”

त्याने गंजावर औषध फवारलं, पाणी प्यायला, थांबला. मग चकतीच्या दोन भोकांत दोन बोल्ट घातले. थोडा हा आवळ, थोडा तो आवळ, मध्ये हलकेच ठोक. कपाळाचा घाम नाकावरून टपकत होता. अन् एकदम टण्णकन आवाज झाला. लाल भुकटी उडाली नि जुनी चकती त्याच्या मांडीवर येऊन पडली.

“निघाली वो माय!” ओसरीवरून रागिणीने टाळी वाजवली.

गजेंद्रने मागचं लोखंड घासून लख्ख केलं आणि हात धुवायला गेला. नवी चकती पेपरावर चमकत होती. सुभद्राबाईंना ती बघून भरून आलं. हीसुद्धा गंजणारच की! त्यांनी तेलाची वाटी आणली, विळ्याला लावतात तसं दोन्ही बाजूंनी चोळलं आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं.

गजेंद्र परत आला आणि जागीच थबकला.

“आई, हे नाही चालणार.”

“काहून? माहा हात लागला तं बाटली काय?”

“बाटली नाही. पण हिच्यावर तेल राहिलं तर गाडी थांबत नाही. रागिणी बसणार आहे तिच्यात. गरम पाणी आणा, अन् भांड्याचा साबण.”

ओसरीवरून रागिणी वाकून पाहू लागली. या घरात सुभद्राबाईंना ‘आणा’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.  पण त्या आत गेल्या आणि गरम पाण्याचं पातेलं घेऊन आल्या. त्याने चकती धुतली, पुसली, उन्हात धरून पाहिली.

“अजून चिकट आहे. आणखी पाणी.”

त्या पुन्हा गेल्या.

ऊन उतरल्यावर त्याने चकती नि चाक बसवून गाडी गल्लीत फिरवून आणली. सुभद्राबाई फाटकात उभ्या होत्या. गाडी आली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर गप्पकन थांबली. त्या तसूभरही सरकल्या नाहीत. काचेजवळ जाऊन म्हणाल्या,

“जवाईबापू, मले वाटे तुमच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नाही. आज तुमी मलेच नाही म्हनलं. जो मले नाही म्हनू शकते, तो कोनालेबी म्हनू शकते. चाला, पह्यले जेवा. मंग न्या माह्या पोरीले.”