धुळीतली हाक

मी एक जुनी धूळपाटी आहे, मित्रांनो. अस्सल फणसाची फळी! दाभोळच्या शाळेत माझ्यावर लाल माती पसरून मुलं बोटानं अक्षरं गिरवत आणि कानठळ्या बसतील अशी ओरडत. ‘अक्षर म्हणजे आवाज! ओरडल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही,’ असं महिपत गुरुजी सांगत. पुढे १९२८च्या सुमारास दगडी पाट्या आल्या आणि मी अडगळीत गेले. मासे विकणाऱ्या ठमाबाईनं मला टोपलीवर झाकण म्हणून मागून नेलं. जिथे अक्षरं, तिथे बांगडे! काय ही दशा!

ठमाबाईची राही जन्माची बहिरी, म्हणून मुकीही. ‘जिला आवाज नाही, तिला अक्षर कसलं?’ म्हणून गुरुजींनी तिला शाळेतून परत पाठवलं होतं. पोरीनं एकदा तरी ‘आई’ म्हणावं, एवढ्यासाठी ठमाबाईचा जीव तळमळत असे. तिनं नवस बोलले, कसकसले पाले उगाळून पाजले. काही उपयोग झाला नाही.

शेजारची हौसा मात्र शाळेतून आली की राहीला एकेक वस्तू, एकेक माणूस दाखवी आणि त्याचं नाव चुलीतल्या राखेत काढी. ठमाबाई तेव्हा बाजारात असे. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी राहीनं माझ्यावर राख पसरली, दोन अक्षरं काढली आणि आईचा पदर ओढला.

‘काय गो ही घाण केलीस!’ ठमाबाईनं हात फिरवून सगळं पुसलं.

राहीनं पुन्हा काढलं. ठमाबाईनं पुन्हा पुसलं, वर एक धपाटाही घातला. अहो, मी हबकलेच! मला वाचता येत होतं, पण फळीला तोंड कुठलं?

राहीनं रडत रडत तिसऱ्यांदा काढलं. ठमाबाईनं हात उचलला, तेवढ्यात हौसा दारातून किंचाळली, ‘काकी, पुसू नको! हाक मारत्ये ती तुला. “आई” लिवलाय तिनं!’

ठमाबाईचा हात तसाच वर राहिला. इतकी वर्षं जिच्यासाठी कान लावून बसली, ती हाक तिनं आपल्याच हातानं पुसली होती, तीही दोनदा! ती माझ्यासमोर खाली बसली.

‘हौसा,’ ती म्हणाली, ‘मला ओ द्यायची हाय गो. कशी काढतात?’

हौसानं तिचं बोट धरलं. राखेत वाकडातिकडा ‘ओ’ उमटला. राहीनं तो पाहिला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या गळ्यात पडली.

मित्रांनो, आपल्याला वाचता येत नाही ती घाण, असं समजून कुणाच्या लिहिण्यावर हात फिरवू नका. आधी विचारा तरी, ‘काय लिहिलंयस?’ कदाचित ते माणूस तुम्हालाच हाक मारत असेल.