दुरंगी भिंतीवरचा उजेड

आश्विन सरत आला होता. द्राक्षबागांची छाटणी उरकली होती, उघड्या काड्यांवर कोवळी, आरक्त फूट आली होती, आणि तासगावच्या माळावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. आकाश निरभ्र, निर्मळ, नितळ. संध्याकाळ हल्ली लवकर यायची. क्षणभर पिवळी, क्षणभर जांभळी होऊन चौगुल्यांच्या घरासमोर थबकायची.

त्या घराला दोन रंग होते. डावी बाजू पिस्त्यासारखी हिरवी, उजवी हळदीसारखी पिवळी. आणि मधोमध, छज्ज्यापासून जोत्यापर्यंत, ओळंबा धरून मारलेली एक रेघ. हिरव्यात थोरला बळवंत, पिवळ्यात धाकटा विश्राम. वाटणीत जिना थोरल्याकडे गेला आणि गच्ची धाकट्याकडे आली. तेव्हापासून विश्राम आपल्या गच्चीवर शिडीने चढायचा, आणि बळवंताचा जिना वर जाऊन कुलपापाशी संपायचा. दोघांचे बोलणे कधीचेच बंद होते. भांडण कशावरून झाले ते दोघांच्या बायका वेगवेगळे सांगतील, आणि दोन्ही खरे असेल.

या रेघेचा खरा जाच होता तो कालिंदीला, दोघांच्या एकुलत्या बहिणीला. भाऊबीजेला ती मिरजेहून यायची. आधी हिरव्या घरात ओवाळायची, तिथे जेवायची. मग तेच ताट पदराआड धरून पिवळ्या घरात यायची, पुन्हा ओवाळायची, पुन्हा जेवायची. गेल्या वर्षी निघताना ती विश्रामला म्हणाली होती, "एका आईच्या पोटचे दोघं, आणि मी ताट घिऊन भिंतीला वळसा घालतीया. फुडच्या साली दोन घरात ओवाळायला मी येणार न्हाई."

कालिंदी बोलली की बोलली. विश्रामला ते ठाऊक होते, आणि वर्षभर त्याच्या छातीत ते कुसळासारखे सलत होते.

बहीण यायची तर दादाशी बोलायला हवे होते. दोन शब्दांचे काम. पण या शहाण्याने शब्द टाळण्यासाठी उजेड शिकायला घेतला.

लग्नांचे व्हिडिओ काढणे हा त्याचा धंदा. एका लग्नात त्याने पाहिले होते, कार्यालयाच्या ओबडधोबड भिंतीवर प्रोजेक्टरमधून प्रकाश पडला आणि भिंत संगमरवरी झाली. खिडकीच्या जागी नेमकी खिडकी उजळली, खांबाच्या जागी नेमका खांब. त्याच्या मनाने तिथेच उडी घेतली. भिंत जोडता येत नाही, पण जोडलेली दाखवता तर येईल.

नाव विश्राम, आणि अंगात क्षणाची उसंत नाही. लोकांचे व्हिडिओ पाहून तो शिकला. समोरच्या लिंबाखाली तीन पायांचे तिकाटणे रोवले, त्यावर प्रोजेक्टर ठेवला, तिथूनच घराचा फोटो काढला आणि संगणकात त्या फोटोवर एकेक कड गिरवत बसला. दोन दारे, चार खिडक्या, छज्जा, पायऱ्या. जिथे खिडकी तिथे खिडकीएवढाच उजेड हवा. तसूभरही बाहेर सांडायला नको.

आणि उजेड सांडायचा. रोज सांडायचा. तिकाटणे बोटभर सरकले की सगळे घर तिरके. एक कोपरा ओढून जागेवर आणावा तर दुसरा निसटावा. खिडकी छज्ज्यावर चढायची, तोरण पायरीवर लोळायचे. तो लिंबापासून भिंतीकडे, भिंतीपासून लिंबाकडे. जेवता जेवता उठायचा, बोलता बोलता उठायचा. त्याची बायको शैला म्हणायची, "पायाला भिंगरी लावलीया तुमी. त्यातली थोडी जिभंला लावा की."

तोवर तो पुन्हा लिंबाकडे निघालेला असायचा.

बळवंत आपल्या पायरीवरून हे रोज पाहायचा. आपल्या हिरव्या भिंतीवर भावाचा उजेड चढतो आहे, उतरतो आहे, चाचपडतो आहे. त्याने हटकले नाही, विचारलेही नाही.

अखेर एका कातरवेळी सारे जागेवर बसले. हिरवा हरवला, पिवळा हरवला, रेघ हरवली. सबंध घर मोतिया, शुभ्र, सलग. त्यावर एकच तोरण या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलत होते. विश्रामला भडभडून आले. त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन केला. "ये गं. एकडाव येऊन बघ. मग काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी वसुबारस. संध्याकाळ झाली, आणि गल्ली उजळली. घरोघरी आकाशकंदील, कठड्यांवर माळा, उंबऱ्यांवर पणत्या. विश्रामने प्रोजेक्टर लावला, आणि भिंतीवर काही दिसेना. दुधात पाणी घालावे तसा सगळा फिकटपणा. मोकळ्या, काळोख्या संध्याकाळी शिकलेली ही विद्या. तिला अंधार लागतो एवढे साधे त्याच्या ध्यानात आले नव्हते. आणि दिवाळीत अंधार आणायचा कुठून?

त्याने आपल्या बाजूच्या माळा उतरवल्या. शैला रुसली, सणासुदीला आपलेच घर काळे. त्याची निम्मी भिंत तेवढी मोतिया दिसू लागली. दादाच्या निम्म्यावर लाल-निळ्या माळा लखलखत होत्या, पायऱ्यांवर पणत्यांची रांग होती, आणि रेघ पूर्वीपेक्षा ठळक झाली होती. धनतेरस गेली, लक्ष्मीपूजन गेले, पाडवा गेला. तो येरझाऱ्या घालत राहिला.

भाऊबीजेला कालिंदीचा फोन आला, की एसटीत बसले. सूर्य मावळला. द्वितीयेची बारीक कोर लिंबाआड गेली. आता चुकवायला काहीच उरले नव्हते.

विश्राम हिरव्या पायऱ्यांपाशी आला.

"दादा."

बळवंताने वर पाहिले. त्या एका हाकेने त्याच्या चेहऱ्यावर जे झाले ते विश्रामला बघवले नाही. त्याने घाईघाईने पुढचे सांगून टाकले. "तुज्या माळा जरा बंद कर. पणत्या बी. भिंतीवर चित्र हाय. कालिंदी यायली."

"इतक्या वर्सांनी आलास," बळवंत सावकाश म्हणाला, "आन् सणाचं दिवं मालवाय सांगतोस व्हय रं?"

विश्राम खाली मान घालून उभा राहिला. निघून मात्र गेला नाही.

थोरला उठला. माळेची पिन ओढून काढली. मग वाकून पहिली पणती दोन्ही हातांत उचलली.

"पणतीला फुंकर मारायची नसती. उचलून न्यायची. धर."

आणि दोघे भाऊ पणत्या वाहू लागले. एकेक ज्योत तळहाताआड जपत, वाऱ्याला पाठ देत, पायरीवरून अंगणात, अंगणातून पायरीकडे. "हळू," एक म्हणायचा. "तेल सांडंल," दुसरा म्हणायचा. बोलायचे ते एवढेच. पण ते किती दिवसांनी.

कालिंदी फाटकात आली तेव्हा समोर सबंध घर मोतिया होऊन झळाळत होते. तिने तिकडे एकदा पाहिले. मग ती खाली पाहू लागली, जिथे तिचे दोन भाऊ ओणवे होऊन दिव्यांची रांग लावत होते. पाहता पाहता तिचे डोळे भरून वाहू लागले.

"पाट आणा," ती वहिन्यांना म्हणाली. "हितंच. अंगणात."

दोन पाट आले, शेजारी शेजारी. दोघे बसले, गुडघ्याला गुडघा लागला. लिंबाखालून येणारा उजेड आता त्यांच्यावरच पडत होता. खिडकी बळवंताच्या सदऱ्यावर वाकडी झाली, तोरण विश्रामच्या खांद्यावरून घसरले, छज्जा कालिंदीच्या पाठीवर मोडला. इतक्या सायासाने बसवलेले सगळे सांडत होते.

विश्रामचा हात सवयीने पाटावर टेकला. तो उठू लागला.

"हलू नगंस," कालिंदी म्हणाली, आणि निरांजनाचे ताट दोघांच्या मुखांवरून एकदमच फिरवले.

तो हलला नाही. उजेड सांडत राहिला. कपाळांवर, हातांवर, दादाच्या ओल्या गालांवर सांडत राहिला, आणि तो बसून राहिला.