इथे टिप घेत नाहीत

टिप परत करायला ताई जितकी धावली, तितकी ती शाळेतल्या शर्यतीतसुद्धा कधी धावली नसेल. गिऱ्हाईक बशीखाली नोट सरकवून उठलं, की ताई ती नोट घेऊन दारापर्यंत त्याच्या मागे. "अहो, हे तुमचं राहिलं. आमच्याकडे टिप घेत नाहीत. मालक पूर्ण पगार देतात." आणि हे सांगताना मान अशी ताठ, की बघणाऱ्याला वाटावं, हॉटेल हिच्याच बापाचं आहे.

मालक म्हणजे कोण, तर बारक्या. एकेकाळी तो आणि ताई दुसऱ्या एका हॉटेलात एकत्र ताटं उचलायचे. तिथे पगार नावापुरता, बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. चार पैसे सुटावेत म्हणून ताई लोकांच्या भिकार विनोदांवर हसायची, कुणी हात धरला तरी मूग गिळून गप्प राहायची. बारक्याचा नुसता संताप व्हायचा. "ताई, माझं हॉटेल झालं ना, की आपल्या माणसांना कुणाच्या हाताकडे बघावं लागणार नाही. शब्द देतो तुला."

आणि खरंच की हो, त्याने हॉटेल काढलं आणि दारातच पाटी लावली, 'कृपया टिप देऊ नये. आमच्या माणसांचा पगार जेवणाच्या किमतीतच धरला आहे.' पाटी वाचून ताईला रडूच फुटलं. मग तिनेच जुन्या हॉटेलातल्या एकेकाला गळ घातली. "माझ्यावर विश्वास ठेवा आणि चला." आली बिचारी सगळी. लंबू तर दुसऱ्या दिवशीच आला. उंचीमुळे दिव्यावर डोकं आपटायचा, पण त्याच्या हातून कधी कपबशी फुटली नाही.

सुरुवातीला पगार बरा होता. मग घरभाडी वाढली, दूध महागलं, पोरांच्या फिया वाढल्या. पगार मात्र फतकल मारून होता तिथेच बसला. "ताई, जरा कळ काढा सगळ्यांनी. धंदा आत्ता कुठे बाळसं धरतोय," बारक्या म्हणायचा. बाळसं धंद्यापेक्षा त्याच्या पोटानेच जास्त धरलं होतं, पण हे ताईला कोण सांगणार? ती उलट कुरकुरणाऱ्यांनाच दटावायची. "आपलाच माणूस आहे तो. आपण नाही सांभाळून घ्यायचं तर कुणी?"

अशात एकदा लंबूच्या एप्रनच्या खिशातून नोट डोकावताना तिला दिसली.

"ताई, पोरगी तापाने फणफणलीय," तो हळूच म्हणाला. "एवढ्या वेळी बघितलं नाही असं कर ना."

ताईने नाही ऐकलं. जाऊन बारक्याच्या कानावर घातलं. वाटलं, चार शब्द सुनावून सोडून देईल. पण बारक्याने लंबूला सगळ्यांसमोर चोर ठरवलं आणि उभ्या उभ्या हाकललं. लंबूने जाताना ताईकडे नुसतं बघितलं. त्या दिवशी तिने आपला डबा न उघडताच घरी परत नेला. तरी नियम म्हणजे नियम, असं ती स्वतःला बजावत राहिली.

खिडकीपाशी रोज दुपारी एक आजी सूप प्यायला यायच्या. परवा त्या उठल्या, तर बशीखाली नोट. ताई नेहमीसारखी मागे धावली.

"आजी, अहो, आमच्याकडे टिप घेत नाहीत."

"माहीत आहे गं. आज तो काउंटरवर नव्हता, म्हणून तिथे ठेवली. एरवी त्याच्याकडेच देते ना."

"कुणाकडे?"

"तुझ्या मालकाकडे. तोच म्हणाला, टेबलावर ठेवू नका, त्यांना घ्यायला लाज वाटते. माझ्याकडे द्या, मी वाटतो सगळ्यांत. सगळेच देतात गं, मी एकटी थोडीच?" मग आजींनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "का गं? मिळत नाही तुम्हाला?"

ताईच्या पायाखालची जमीनच सरकली.

बारक्या आला तशी ती थेट काउंटरवर गेली आणि टिपांचं काय ते विचारलं. त्याने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"हळू बोल, ताई. अगं, लोक ऐकतच नाहीत. देतातच. मग मी काय ते फेकून देऊ?"

"आणि लंबूला चोर म्हणालास?"

"त्याची गोष्ट वेगळी. मला खर्च आहेत." बारक्याचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, यापुढे तुझा वाटा तुला देत जाईन. फक्त तुला. बाकीच्यांचं काय, ती तुझ्या शब्दावर इथे आहेत. तू गप्प, तर ती गप्प."

म्हणजे हिला एवढ्यासाठीच ठेवली होती! ज्याला सख्ख्या भावाच्या जागी मानलं, त्याने केसाने गळा कापला. आणि लंबूचा गळा कापायला सुरी हिनेच नेऊन हातात दिली होती. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि आतल्यांना, बाहेरच्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगून टाकलं. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. मग एप्रन काढून काउंटरवर ठेवला आणि चालू लागली.

बारक्या धावला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या हॉटेलात मालक कुणाच्या तरी मागे दारापर्यंत धावत आला. हातात एक नोट होती.

"ताई, अशी रिकाम्या हाताने नको जाऊस. ठेव एवढं."

सगळी टेबलं बघत होती. ताईने त्याची बोटं त्या नोटेवर मिटवली.

"राहू द्या, मालक. आमच्याकडे टिप घेत नाहीत," ती म्हणाली. "मालक पूर्ण पगार देतात."

मान मात्र या वेळी ताठ राहिली नाही. पदराने डोळे पुसत ती लंबूच्या घराकडे निघाली. दार उघडल्यावर त्याला काय म्हणायचं, ते तिला अजून सुचलं नव्हतं.