डाव्या हाताची शाखा

माणूस आपलं भवितव्य स्वतः निवडतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांचे मामा बहुधा लांब राहत असावेत. त्रिवेणीचे मामा हणमंतराव काचीगुड्याला राहत. तिथून नल्लकुंट्याला, त्रिवेणीच्या घरी, ऑटोने कितीसा वेळ लागतो? रविवारी सकाळी पोहे व्हायच्या आधीच ते टेबलाशी येऊन बसले होते.

विषय त्रिवेणीच्या पुढच्या शिक्षणाचा होता. फिजिओथेरपीची पदवी घेऊन काही वर्षं ती विद्यानगरच्या एका क्लिनिकात लोकांच्या कमरा शेकत होती. आता मास्टर्स करायचं ठरलं होतं आणि दोन ठिकाणी जागा मिळत होती. इथल्या, घरून बसने जाता येईल अशा कॉलेजात न्यूरो, म्हणजे लकव्यासारख्या आजारांची शाखा. आणि मंगळुरूकडच्या एका कॉलेजात लहान मुलांची शाखा. संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

मामांचं म्हणणं पडलं, दोन्ही नको, ऑर्थो घे. मामांचे दोन्ही गुडघे गेले होते. भाऊ विकास हायटेक सिटीत संगणकापुढे बसून मान आखडून घेतलेला. त्याने कंपन्यांमधल्या मानदुखीला पुढची वीस वर्षं मरण नाही हे समजावून सांगितलं. सांगताना त्याची मान वळत नव्हती, तो अख्खाच वळत होता. त्याची बायको मृण्मयी पुण्याची, हौसेने पळायला जाणारी, सध्या टाच धरून बसलेली. तिच्या मते स्पोर्ट्सला पर्याय नव्हता. थोडक्यात, प्रत्येकाने आपापल्या दुखण्याला मत दिलं. ऑर्थो किंवा स्पोर्ट्स मिळतच नाहीये, हे त्रिवेणीने दोनदा सांगितलं. कोणी मत मागे घेतलं नाही.

आई, मंगलाबाई, यांचं मत सगळ्यांना पाठ होतं. न्यूरो. त्या मताचं कारण टेबलाच्या टोकाला बसून उजव्या हाताने पोहे खात होतं.

तीन वर्षांपूर्वी त्रिवेणीच्या बाबांची, प्रतापरावांची, डावी बाजू लकव्याने गेली. आता ते काठीने घरात फिरत, शब्द निवडून निवडून बोलत. डावा हात मात्र गेला तो गेलाच. रोज सकाळी त्रिवेणी तो हात मांडीवर घेऊन बसे, एकेक बोट उघडे, मनगट फिरवे, कोपर सरळ करी. स्वयंपाकघरातून मंगलाबाई विचारत, "काही फरक?" त्रिवेणी म्हणे, "हो, थोडा." मग फोडणीत मोहरी पडे. तीन वर्षांतले हे सगळे थोडे-थोडे फरक जमेस धरले असते, तर प्रतापरावांनी एव्हाना तबला वाजवायला हरकत नव्हती.

जे यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, नंतर आहे ते टिकवायचं असतं, हे त्रिवेणीला शिकवलं होतं. ते घरी कसं सांगायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

"न्यूरो केलीस की बाबांचा हात उठतो बघ," मंगलाबाई म्हणाल्या. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. घरचं खाऊन शीक."

त्रिवेणीने मान हलवली. क्लिनिकात ती पेशंटना सांगे, मुंग्या येतात तोवर भिऊ नका, मुंग्याही येईनाशा झाल्या की दाखवायला या. तिच्या मनाला मुंग्या यायच्या केव्हाच थांबल्या होत्या. इंटर्नशिपमध्ये ती काही महिने मुलांच्या वॉर्डात होती. मूल बरं झालं की पळत सुटतं आणि मागे वळून बघत नाही, हे तिला फार आवडलं होतं. घरी एकदा तसं बोलून दाखवलं, तर मामांनी विचारलं होतं की मग फी कोण देतं.

तिने लॅपटॉप उघडला. "न्यूरोला हो म्हणते," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

"म्हण बेटा, कायकू लंबं करायलीस," मामा म्हणाले.

प्रतापरावांना अजून कोणी काही विचारलं नव्हतं. पाटबंधारे खात्यातही त्यांना कोणी विचारत नसे, त्यामुळे हे खटकण्यासारखं नव्हतं. त्यांनी चमचा खाली ठेवला. उजव्या हाताने डावं मनगट धरलं, हात उचलला आणि सगळ्यांच्या मधोमध, चटणीच्या वाटीला टेकवून ठेवला. अर्धवट मिटलेली बोटं तशीच राहिली.

"मंगल," ते म्हणाले, "विचार."

"काय विचारू?"

"रोजचं."

मंगलाबाईंनी त्रिवेणीकडे बघितलं. "काही फरक?"

"तिला नको. मला विचार. हात माझा आहे."

विकास अख्खा वळला.

"फरक नाही," प्रतापराव म्हणाले. "पहिल्या वर्षी होता. नंतर नाही. ती सांगायली, तू ऐकायलीस, मी गप." मध्ये दम घेतला. "बास झालं. तिला लेकरांकडे जाऊ दे."

गप्प बसणं मामांच्या प्रकृतीला मानवत नसे.

"मग दाजी, रोज सकाळी करून कशाला घ्यायलात तिच्याकडून?"

"तेवढा वेळ बसते माझ्यापाशी," प्रतापराव म्हणाले.

त्रिवेणी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. मंगलाबाई उठल्या. त्यांनी तो हात टेबलावरून उचलला, करंगळीला लागलेली चटणी पदराने पुसली आणि हात नवऱ्याच्या मांडीवर नीट ठेवला. मग कोणाकडेही न बघता विचारलं, मंगळुरूला गाडी कुठून असते.

"काचीगुड्याहून," मामा म्हणाले. "माझ्या घरावरूनच जायचं. आधी माझे गुडघे बघ, मग गाडीत बस."

दुपारी त्रिवेणीने मंगळुरूला होकार कळवला. जायच्या आधीच्या आठवड्यात तिने आईला बोटं कशी उघडायची ते शिकवलं. मंगलाबाई जोर जास्त लावत. प्रतापराव म्हणत, लावू दे, मला काय कळतंय. स्टेशनवर सगळे आले. मामांनी गुडघे दाखवले. गाडी हलली तेव्हा प्रतापरावांनी उजवा हात वर केला, आणि तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत वरच ठेवला.

मंगळुरूच्या कॉलेजात मुलांच्या शाखेला त्या वर्षी तिघीच आल्या होत्या. तिघींसाठी शाखा चालवणं परवडत नाही, असं कॉलेजने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिघींनाही न्यूरोत घातलं.