आत्याचा मान

इंदापूरकडच्या जुन्या जहागीरदारांचा शंभूराज वैदेहीला बघायला येणार म्हटल्यावर बारामतीच्या डॉक्टर श्रीपादच्या घरात नुसती धांदल उडाली. जहागिरी कधीच गेली होती, पण गादीचा वारस अजून 'राजे'च होता. मध्यस्थानं वैदेहीच्या आईला, इंदिराला, आधीच बजावलं होतं: घराणं निर्मळ पाहिजे, घरात कुणी नवऱ्यानं टाकलेली वगैरे नको. छे, आमच्याकडे तसलं काही नाही, असं इंदिरानं फोनवर ठोकून दिलं.

आणि तसलं सगळं तिच्याच स्वयंपाकघरात कांदे चिरत होतं. अक्काबाई, श्रीपादची थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं कोऱ्हाळ्याला माहेरी आणून सोडली. इंदिरा कॉलेजात शिकवायला जायची तेव्हा वैदेहीला वाढवलं ते हिनंच. सकाळी इंदिरानं तिला हळूच सांगितलं, वन्सं, आजच्या दिवस तुम्ही स्वयंपाकाच्या बाई. सांगताना लाज वाटली, पण लाजेपेक्षा घाई जास्त होती. अक्काबाईंनी पदर खोचला आणि पोहे किती माणसांचे भिजवू एवढंच विचारलं. श्रीपादनं सगळं ऐकलं आणि पेपर तोंडासमोर धरला. वैदेहीला कुणी काही सांगितलंच नाही.

बैठक झकास जमली. शंभूराज बोलका निघाला. निघायच्या वेळी वैदेही थोरामोठ्यांच्या पाया पडली आणि शेवटी, रोजच्या सवयीनं, कप गोळा करणाऱ्या अक्काबाईंपुढं वाकली. अक्काबाईंनी पाय मागं घेतले.

"नगं ताईसाहेब. मी सयपाकीन हाय."

वैदेहीनं चमकून आईकडे बघितलं. इंदिरानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

शंभूराजच्या आईसाहेबांचा चेहरा मात्र खुलला. गादी गेली, वाडा गेला, राहिली ती माणसं, असं त्या म्हणाल्या. दसऱ्याला दारात येणाऱ्या गड्यापुढंही जी वाकेल तीच आमच्या घरात शोभेल. आईचे संस्कार दिसतात, असंही म्हणाल्या. इंदिरानं ते कौतुक हसून घेतलं आणि आतल्या आत मेल्याहून मेली झाली.

मग आईसाहेबांनी सहज विचारलं, "नाव गोड आहे हो. बारशाला आत्यानंच ठेवलं असेल ना? कुठं असतात त्या? लग्नात पहिला मान त्यांचा करू."

ह्या काय समोर उभ्या, एवढंच म्हणायचं होतं. शब्द इंदिराच्या ओठांपर्यंत आले. पण म्हटलं तर खोटं उघडं पडणार आणि हाताशी आलेलं स्थळ जाणार. तिची ही घालमेल अक्काबाईंनी ओळखली. ट्रे पोटाशी धरून त्याच बोलल्या.

"वारल्या त्या, सरकार."

आईसाहेब हळहळल्या. श्रीपाद उठून आत निघून गेला. इंदिराला वाटलं, भुईनं आत्ता पोटात घ्यावं. वैदेही अजून तिच्याकडेच बघत होती, आई आता तरी बोलेल म्हणून.

आई बोलली.

"हो ना," इंदिरा म्हणाली, "फार जीव होता त्यांचा हिच्यावर."